साडेदहा दिवसांचे शेअर

एका सेकंदाला एक शेअर मोजायचा. जेवण नाही, झोप नाही. एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीचे २०२१ साली सुमारे ४२३ कोटी शेअर होते. ते मोजून संपवायला १३४ वर्षे लागतील. ‘इंजिन नंबर वन’ या नवख्या फंडाकडचे मात्र साडेदहा दिवसांत मोजून होतील. नऊ लाखांच्या आसपास, म्हणजे दहा हजारांत जेमतेम दोन.

या फंडाने २६ मे २०२१ च्या वार्षिक सभेत बारा जणांच्या संचालक मंडळासाठी आपले चार उमेदवार उभे केले. कंपनीने कडवा विरोध केला. तरी तीन निवडून आले!

दहा हजारांत दोन मतांवर कोणी जिंकत नाही. ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड आणि स्टेट स्ट्रीट या तीन बड्या गुंतवणूक कंपन्यांकडे मिळून कंपनीचा सुमारे पाचवा हिस्सा होता. तो मोजायला २७ वर्षे. एकट्या ब्लॅकरॉककडे तेव्हा लोकांचे नऊ लाख कोटी डॉलर होते, भारताच्या वर्षभराच्या जीडीपीच्या सुमारे तिप्पट. या तिघांनीही बंडखोर उमेदवारांना कमी-अधिक पाठिंबा दिला. कॅलिफोर्नियातल्या शिक्षकांचा पेन्शन फंड तर सुरुवातीपासून पाठीशी होता.

ॲक्टिव्हिस्ट म्हणजे झटपट नफ्यासाठी कंपनीवर चाल करून येणारा आणि मोठ्या संस्था म्हणजे मुकाट बसणारे मालक, हे चित्र मला अपुरे वाटते. या तिघांकडचा मोठा पैसा निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या इंडेक्स फंडांत असतो. अशा फंडाला नाराज होऊन शेअर विकता येत नाही. कंपनी निर्देशांकात आहे तोवर तो तिच्याशी बांधलेला असतो. २०२० मध्ये एक्सॉनला २,२४० कोटी डॉलरचा तोटा झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ९२ वर्षांनी ती डाऊ निर्देशांकातून बाहेर पडली, पण इतर निर्देशांकांत होतीच, म्हणून या फंडांकडे तिचे शेअरही राहिले. अशा मालकाच्या हाती एकच हत्यार उरते, मत. छोट्या फंडाने मुद्दा मांडला, उमेदवार शोधले, खर्च सोसला. निकाल लावला तो या बांधलेल्या मालकांनी.

आणि या मालकांच्या हातातले पैसे कोणाचे? पगारातून महिन्याला थोडे बाजूला टाकणाऱ्यांचे. आपल्या एसआयपीचेही तसेच आहे. शेअर फंडाच्या नावावर, मतही फंडच देतो. सेबीच्या नियमानुसार प्रत्येक म्युच्युअल फंडाला कोणत्या ठरावावर कसे मत दिले, हे संकेतस्थळावर जाहीर करावे लागते. तुमच्या फंडाचे ते पान आज उघडून पाहा.