भूकंपाची तारीख आणि घराची भिंत

खोटी गोष्ट एकदा खोडून काढली की ती मरते, असा आपल्या पुष्कळ सुशिक्षित कार्यकर्त्यांचा समज आहे. मराठवाड्याचा अनुभव असा नाही. मी मुरुडला राहतो. ‘अमक्या रात्री, इतक्या वाजता भूकंप होणार’ ही वार्ता या भागात मी कितीदा तरी ऐकली आहे. पूर्वी ती पंचांगाच्या नावाने येई, आता ‘नासा’च्या नावाने फोनवर येते. २०२४ साली २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोली जिल्ह्यात झालेल्या भूकंपांचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. असे काही घडले की या वार्तेला पुन्हा पाय फुटतात.

या भीतीची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून दमलेली माणसे झोपेतच गाडली गेली. आठ ते दहा हजार जीव गेले. ज्यांनी ती प्रेते पाहिली, त्यांना ‘तुम्ही अडाणी आहात’ असे सांगून काय साधणार?

त्यांना कारण सांगितले पाहिजे. जमिनीखालचा खडक नेमका केव्हा सरकेल, हे आज कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. किल्लारीत १९९२ च्या ऑक्टोबरातही धक्के बसले होते. त्यावरून पुढची तारीख काढता आली नाही. अमेरिकेत पार्कफिल्ड येथे यंत्रांचे जाळे पसरून शास्त्रज्ञांनी १९९३ पूर्वी मोठा धक्का बसेल असा अंदाज केला. तो बसला २००४ साली. शिवाय जगात सहा किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला शंभरावर होतात. म्हणून स्थळ, काळ आणि तीव्रता न सांगता ‘भूकंप होईल’ म्हणणारा कधीच खोटा ठरत नाही.

या वार्तेचे दुसरे रूप आपल्याला अधिक घातक आहे. ‘पाप वाढले म्हणून धरणी हादरली’ असे ते म्हणते. मग पापी कोण हे गावातला बळवंत ठरवतो, आणि ते बोट कोणाकडे वळते हे आपल्याला ठाऊक आहे. पण हाच युक्तिवाद आपल्या बाजूने आला तर? १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर, हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनाही अस्पृश्यता नको होती. तरी त्यांनी हे म्हणणे जाहीरपणे अमान्य केले. टागोरांचेच बरोबर होते. अस्पृश्यतेविरुद्ध लढायला भूकंपाची साक्ष लागत नाही. आणि सोयीचे म्हणून एक असत्य स्वीकारले, की गैरसोयीचे असत्य नाकारण्याचा आपला हक्क संपतो. केवळ कानावर आले, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, हा कालाम सुत्ताचा उपदेश आपल्या बाजूच्या बोलण्यालाही लागू आहे.

मग करायचे काय? माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेत, वाचनालयात एक वही ठेवावी. वार्ता आली की ती तारखेसह लिहावी: कोणाच्या नावाने आली, कोणते स्थळ, कोणती वेळ सांगितली. ती वेळ टळली की पुढे काय झाले तेही लिहावे. अफवा विसरण्यावर जगते. पुढच्या खेपेला वाद घालत बसू नये, वही वाचून दाखवावी. एकदा सांगून भागत नसेल तर दहादा सांगावे. खोटे बोलणारा तरी कुठे थकतो?

आणि तेवढ्यावर न थांबता बोलणे तारखेवरून भिंतीकडे न्यावे. किल्लारीत माणसे मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्याने. हलक्या छपराच्या झोपड्या त्या मानाने तगल्या. भिंतीत आरपार जाणारे दगड बसवणे, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा घालणे, माळवदावरची माती कमी करणे, हे उपाय माहीत आहेत. पण त्यांना पैसा लागतो. अफवेच्या रात्री मजूर लेकरे घेऊन उघड्यावर जागतो, दुसऱ्या दिवशी रोजगार बुडवतो आणि संध्याकाळी त्याच भिंतीखाली झोपायला जातो. आपल्या वस्तीतली किती घरे अशी आहेत, याची यादी त्याच वहीच्या मागच्या पानांवर करावी आणि ती घेऊन ग्रामपंचायतीत जावे.