भट्टीपासून बाजारापर्यंत

मार्च उजाडला की गोव्यातील सत्तरी, पेडणे, काणकोण या तालुक्यांतील काजूच्या बागांवर एक आंबूसगोड दरवळ पसरतो. पिकून आपोआप गळलेली बोंडे वेचावयाची, बी वेगळी करावयाची, बोंडे तुडवून रस काढावयाचा, तो काही दिवस आंबू द्यावयाचा आणि मग भट्टीवर चढवावयाचा, असा हा मे महिन्यापर्यंत चालणारा उद्योग आहे. पहिल्या ऊर्ध्वपातनातून हुर्राक निघते. पुनश्च ऊर्ध्वपातन केले म्हणजे फेणी. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड गोमंतकाच्या मातीत असे रुजले की, त्याच्या फळाचे मद्य ही आज गोव्याची ओळख होऊन बसली आहे. परंतु जे हात ही फेणी गाळतात, त्यांना या ओळखीचा मोबदला किती मिळतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

आपल्या कायद्याची परिभाषा मोठी विलक्षण आहे. उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काला रंग आणि स्वाद देऊन बाटलीवर विलायती नाव चिकटविले की, ते ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ ठरते. उलट, बागेतल्या फळापासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीने गाळलेली फेणी मात्र ‘देशी दारू’ या सदरात पडून राहिली. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. ‘देशी’ हा शिक्का बसला की परराज्यातील दुकानाचे दार जवळजवळ बंदच होते. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०१६ मध्ये गोवा सरकारने कायद्यात दुरुस्ती करून तिला वारसा मद्याचा दर्जा दिला. सन्मान झाला, हे खरे. बाजार मात्र अद्याप दूरच आहे.

याचे मूळ आपल्या घटनात्मक रचनेत आहे. मादक पेयांचे नियमन आणि त्यांवरील अबकारी कर हे दोन्ही विषय राज्यसूचीत येतात. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही मानवी सेवनाचे मद्य त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. परिणामी मद्याच्या बाबतीत आपला देश ही एक बाजारपेठ नसून अनेक बाजारपेठांची गोधडी आहे. प्रत्येक राज्यात नाममुद्रेची नोंदणी निराळी, शुल्क निराळे, परवाने निराळे. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक या राज्यांत घाऊक व्यापार शासकीय महामंडळांच्या हाती आहे. लाखो बाटल्या खपविणाऱ्या कंपनीच्या हिशेबात नोंदणीचे शुल्क नगण्य असते. काही शे बाटल्या घेऊन निघालेल्या भट्टीवाल्याचा नफाच नव्हे, तर भांडवलही ते गिळून टाकते. नियम सर्वांना समान आहेत. त्यांचा भार मात्र समान नाही.

जाहिरातीचीही तीच कथा. १९९४ च्या केबल दूरचित्रवाणी नियमांनी मद्याच्या जाहिरातीला मनाई केली, आणि ते योग्यच झाले. परंतु मोठी घराणी त्याच नावाचा सोडा वा पाणी पुढे करून आपले नाव घरोघर पोहोचवितात. ज्याच्याजवळ फेणीखेरीज विकण्यासारखे काही नाही, त्याने कशाच्या आडून बोलावे?

हा प्रश्न गोव्याच्या सीमेवर थांबत नाही. दोडामार्ग, सावंतवाडीच्या शेतकऱ्याला काजूबीचे पैसे मिळतात. बोंडे मात्र मोठ्या प्रमाणावर बागेतच कुजतात. नाशिकचा अनुभवही बोलका आहे. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले आणि वाइन उद्योगाला करसवलती दिल्या. नाशिक परिसरात अनेक लहान उत्पादक उभे राहिले. परंतु मद्य तयार करणे आणि ते विकणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यांपैकी कित्येकांना टाक्या भरल्यानंतर कळले. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा तीव्र विरोध झाला आणि निर्णय बारगळला. तो अंमलात आला असता, तरी त्या फळ्यांवर लहान उत्पादकाला कितपत जागा मिळाली असती, ही शंका उरतेच.

येथे सुज्ञ वाचक विचारील की, मद्याचा प्रसार व्हावा असे तुमचे म्हणणे आहे काय? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. मद्यनिषेधाचे उद्दिष्ट घटनेच्या ४७ व्या कलमात नमूद आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या परिचयाची आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. म्हणूनच परीक्षणात आणि वयोमर्यादेत तसूभरही ढिलाई नको. तथापि आजची व्यवस्था पिणाऱ्यास रोखीत नाही. ती फक्त कोणाची बाटली त्याच्या हाती पडावी, हे ठरविते. शासनाची तिजोरी मद्याच्या महसुलावर भरत असताना नीतीचा सारा भार एकट्या भट्टीवाल्याने वाहावा, हा न्याय नव्हे.

उपाय फार अवघड नाहीत. नोंदणीचे शुल्क उत्पादनाच्या प्रमाणात आकारावे. एका राज्याच्या प्रयोगशाळेने केलेले परीक्षण दुसऱ्या राज्याने ग्राह्य मानावे. भट्टीवर येणाऱ्या प्रवाशाला, ठरावीक मर्यादेत, जागीच बाटली विकण्याची मुभा असावी. म्हणजे जाहिरातीवाचून गिऱ्हाईक मिळेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लहान उत्पादकांनी परीक्षण, बाटलीभरण व विक्री यांसाठी सहकारी संघ उभारावेत. दूध आणि साखर यांच्या बाबतीत ज्या महाराष्ट्राने सहकाराचा मार्ग दाखविला, त्याला हे नवीन नाही. मेक्सिकोने १९७४ मध्ये टकीलाच्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले आणि एका ग्रामीण पेयाला जगाची बाजारपेठ मिळवून दिली. तेथेही मोठ्या कंपन्यांचेच वर्चस्व वाढले, हा धडाही आपण घ्यावयास हवा. नावाचे रक्षण झाले, पण नाव मिळवून देणारा मागे राहिला, असे येथे होऊ नये.

कोणी प्यावे की न प्यावे, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु जे कायद्याने विकले जाते, ते विकण्याची संधी थोरामोठ्यांपुरती राखून ठेवणे हा विवेकाचा नव्हे, अन्यायाचाच प्रश्न आहे.