चाकांवरचं घर, समुद्राचा काठ

मोटरहोम म्हणजे काय, असं मंडळातल्या बायका विचारतात तेव्हा मी सरळ सांगते, टेम्पो ट्रॅव्हलरएवढी गाडी घ्या आणि तिच्यात वन रूम किचन बसवा. दोन शेगड्या, छोटा फ्रीज, बेसिन, कपाटाएवढं संडास-बाथरूम, रात्री पलंग होणारी बाकडी. छतावर सोलर, पोटात पाण्याची टाकी. स्पेनमध्ये तिला ‘आउतोकारावाना’ म्हणतात. 2025च्या फेब्रुवारीत अशा गाडीतून आम्ही चौघांनी व्हॅलेन्सियापासून अल्मेरियापर्यंतचा समुद्रकाठ पाहिला. चौघं म्हणजे मी, आमचे हे, इंग्लंडात स्थायिक झालेली माझी आतेबहीण आणि तिचे यजमान. सरळ रस्त्याने गेलं तर हे अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. आम्हाला बारा दिवस लागले, कारण ताईला प्रत्येक गावचा बाजार बघायचा होता.

मैत्रिणींनो, मला वाटलं होतं समुद्राबद्दल लिहीन. पण वहीत पहिल्या चार दिवसांत पाणी, गॅस आणि संडास याशिवाय काही नाही! साधारण शंभर लिटरची टाकी आणि चार माणसं. भांडी, आंघोळी, स्वयंपाक सगळं त्यातच. ताई दुसऱ्या दिवशी घाबरी झाली. मी मात्र दुष्काळी तालुक्यात पंचवीस वर्षं संसार केलेली बाई. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पहिलं पाणी वेगळं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. तो देशही पाण्याला महाग आहे बरं का. 1 फेब्रुवारी 2024 रोजी कॅटलोनियात, म्हणजे बार्सिलोनाकडच्या भागात, दुष्काळाची आणीबाणी जाहीर झाली होती. आणि त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला व्हॅलेन्सियात असा पाऊस कोसळला की पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. तिथे कोरड्या ओढ्यांना ‘रांब्ला’ म्हणतात. रुंद, सपाट, वाळूचे असतात, गाडी लावायला अगदी सोयीचे वाटतात. पण वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली आभाळ निरभ्र असतानाही लोंढा येतो. आपल्याकडे नदीपात्रात पाल ठोकणाऱ्यांना सांगतो तेच तिथेही लागू : कितीही छान जागा दिसली तरी रांब्लात मुक्काम करायचा नाही.

आता संडासाचं. नाक मुरडू नका. या गाडीच्या संडासाखाली वीसेक लिटरची एक बंद पेटी असते. ती भरली की गाडीच्या बाहेरच्या बाजूने ओढून काढायची, ठरावीक जागी रिकामी करायची, धुवायची, औषध घालून परत बसवायची. कॅम्पिंगच्या जागेवर रोज सकाळी हा सोहळा चालतो. निवृत्त झालेले जर्मन, डच, इंग्रज गृहस्थ ट्रॉली बॅग ओढावी तशी ती पेटी ओढत निघतात, वाटेत एकमेकांना ‘बुएनोस दियास’ करतात, रांगेत उभं राहून हवापाण्याच्या गप्पा मारतात. कुणाच्या चेहऱ्यावर लाज नाही, लपवाछपवी नाही. तालुक्याच्या बसस्थानकावर बायकांसाठी धड स्वच्छतागृह व्हावं म्हणून आमच्या मंडळाने कितीतरी अर्ज दिलेत. प्रत्येक वेळी प्रश्न एकच यायचा, साफ कोण करणार? आपल्याकडे हे काम पिढ्यान् पिढ्या कुणाच्या माथी मारलं गेलं ते मी वेगळं सांगायला नको. 1993 साली कायदा झाला, 2013 साली आणखी कडक झाला, तरी गटारात उतरून माणसं मरतात. आणि इथे एक निवृत्त माणूस स्वतःची घाण स्वतः नेऊन टाकतोय आणि परत येऊन हात धुऊन कॉफी पितोय. आमच्या भाऊजींनी घरी कधी जेवलेलं ताट उचललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते न सांगता पेटी घेऊन निघाले तेव्हा ताई खिडकीतून बघतच राहिली.

पण खरं सांगू का, याला लगेच समानता म्हणायची माझी तयारी नाही. मी बारा दिवस बघत होते. पाणी, गॅस, पेटी, गाडीचं बघणं पुरुषांकडे. भाजी चिरणं, कपडे वाळत घालणं, पलंग आवरणं बायकांकडे. घराला चाकं लावली तरी आतलं-बाहेरचं जिथल्या तिथेच! अपवाद होते, नाही असं नाही.

गाडी कुठे उभी करायची यावर स्पेनमध्ये नेहमी वाद असतो. नियम मोठा गमतीचा आहे. वाहतूक खात्याने 2008 साली स्पष्ट केलंय की गाडी रीतसर उभी असेल तर आत माणसं जेवतायत की झोपलीयत याच्याशी पोलिसांचा संबंध नाही. मात्र बाहेर खुर्ची मांडली, छत उघडलं, थेंबभर पाणी जमिनीवर सोडलं की ते ‘कॅम्पिंग’ झालं, आणि ते ठरवलेल्या जागीच करायचं. त्यात 1988चा किनारा कायदा आहे. समुद्रकाठ सगळ्या जनतेचा, तिथे ना गाडी लावायची ना तंबू ठोकायचा. काबो दे गाताचा किनारा संरक्षित निसर्ग उद्यानात येतो, तिथेही उघड्यावर गाडीत रात्र काढायला मनाई आहे. गावकऱ्यांची बाजूही मला पटते. फुकटात समुद्र बघायचा, डबा गाडीतच करायचा, गावात एक पैसा खर्चायचा नाही आणि वर सांडपाणी सोडून जायचं, असे महाभाग असतातच. म्हणून कित्येक ठिकाणी वाहनतळावर उंच गाडी आत जाऊच नये असा आडवा बार लावलेला दिसतो.

वाटेत व्हॅलेन्सियाजवळ आल्बुफेराचं सरोवर आणि भाताची खाचरं लागली. कोकणातली माणसं तिथे गप्पच होतील. तिथला ‘पाएया’ म्हणजे पसरट कढईत शिजवलेला भात, केशर, कोंबडी, ससा, शेंगांच्या बिया घालून. रविवारचा पाएया घरातल्या पुरुषाने करायचा अशी तिथे रीत सांगतात. (आपल्याकडच्या पार्टीतल्या मटणासारखंच. भांडी कोण घासतं ते विचारलं नाही.) आलिकान्तेच्या आतल्या बाजूला बदामाची झाडं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लगडली होती. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, त्यामुळे आमच्या ह्यांना पुण्याची आठवण येत होती. भाषेचं म्हणाल तर साबणाला ‘हाबोन’, बटाट्याला ‘पटाटा’ आणि पैसे देण्याला चक्क ‘पगार’! पोर्तुगीज आणि स्पॅनिश या बहिणी-बहिणी, आणि पोर्तुगीजांनी आपल्याकडे ठेवलेले शब्द असे भेटतात.

बेनिदोर्मला गगनचुंबी इमारतींची रांग बघून मी नाराज झाले, पण त्या गावाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हे एकेकाळचं मच्छीमारांचं गाव. फ्रँकोची हुकूमशाही, बायकांनी अंगभर कपडे घालायचे असा दंडक. 1950च्या दशकात तिथले महापौर पेद्रो सारागोसा यांनी पाहुण्या बायकांना बिकिनीची परवानगी दिली, चर्चवाले खवळले, आणि हे गृहस्थ स्कूटरवरून थेट माद्रिदला फ्रँकोकडे गेले, असं सांगतात. परदेशी बायकांना ती मोकळीक मिळाली. पण त्याच देशातल्या विवाहित बाईला बँकेत खातं उघडायला, नोकरी धरायला नवऱ्याची परवानगी लागायची, आणि तो कायदा गेला थेट 1975 साली! आज सत्तरी ओलांडलेल्या तिथल्या बायकांनी हे भोगलेलं आहे. किनाऱ्यावर बाकावर बसून विणकाम करणाऱ्या आज्यांकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने बघायला लागले.

अल्मेरियाच्या पलीकडे तर समुद्र दोन. एक पाण्याचा आणि एक प्लॅस्टिकचा. सुमारे तीस हजार हेक्टरवर पांढरी हरितगृहं, उपग्रहाच्या चित्रातही दिसतात. हिवाळ्यात युरोपभरच्या ताटातले टोमॅटो, काकड्या, ढोबळी मिरची इथून जातात. राबणारे बरेचसे मोरोक्कोतून आणि आफ्रिकेतून आलेले, त्यातले किती तरी फळ्या-प्लॅस्टिकच्या झोपड्यांत राहतात. माल निवडून भरण्याच्या शेडमध्ये बहुतेक बायकाच. आमच्या फ्रीजमधल्या टोमॅटोवर याच भागाचं लेबल होतं. ऊसतोडणीच्या कोप्यांत मी काम केलंय, त्यामुळे रस्त्याच्या कडेने सायकलवरून परतणारी ती माणसं बघून फोटो काढावासा वाटला नाही. याच भागात पाऊस पडला की घरोघरी ‘मिगास’ करतात. रवाळ पीठ, तेल, लसूण, परतून परतून मोकळं केलेलं. आपला उपमाच, फक्त मोहरी-कढीपत्ता नाही. तो आम्ही घातला.

सगळ्यात लक्षात राहिली ती तोर्रेव्हिएखाची शेजारीण. तिथे गुलाबी पाण्याचं खारं सरोवर आहे, मीठ पिकतं, उरणच्या मिठागरांची आठवण होते. शेजारच्या गाडीत एक इंग्रज बाई, सत्तरीच्या पुढची, एकटीच. नवरा असताना दोघं दर हिवाळ्यात चार-पाच महिने या किनाऱ्यावर काढत. संधिवाताला हे ऊन मानवतं म्हणाली. तो असताना तिने ही गाडी कधी चालवलीच नव्हती. तो गेल्यावर मुलांनी गाडी विकायला काढली. तर हिने शिकवणी लावली आणि अडुसष्टाव्या वर्षी पोर्ट्समथहून बोटीने सांतान्देर आणि तिथून सबंध देश ओलांडून एकटी इथवर आली. पेटी स्वतः नेते, गॅसची टाकी स्वतः बदलते. स्पेनची नारिंगी टाकी साडेबारा किलो गॅसची असते, लोखंडाचं वजन निराळं. ती ती जमिनीवर तिरकी करून, गोल फिरवत न्यायची. आपण सिलिंडर नेतो तशीच!

तिची काळजी वेगळी होती. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे 1 जानेवारी 2021पासून त्यांनाही आपल्यासारखाच नियम, कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. व्हिसा तेवढा लागत नाही. स्वयंपाकाच्या कट्ट्यावर तिने कॅलेंडर चिकटवलं होतं आणि रोज एक चौकोन खोडत होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला निघावंच लागणार होतं, आणि घरी तेव्हाही थंडीच. मी तिला आलं-गवती चहा घातलेला चहा दिला, तिने मला लिंबाचा मुरंबा.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. भाड्याची गाडी साडेतीन टनांपर्यंतची असेल तर साध्या मोटारीचा परवाना चालतो, मात्र सोबत इथूनच काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना हवा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. किनाऱ्याच्या एपी-7 महामार्गावर तारागोना ते आलिकान्ते टोल 2020पासून बंद झालाय, पण समुद्र बघायचा तर जुना रस्ताच धरावा. भाड्याची गाडी परत करताना दोन्ही घाण पाण्याच्या टाक्या रिकाम्या लागतात. पोहे, मेतकूट आणि लहान कुकर न्यावा. शिजवलेले काबुली चणे मात्र तिथे बरणीत तयार मिळतात, अगदी छान असतात.