जुन्या गाडीचा उजेड वाढवताना

ऊसतोडीच्या हंगामात करमाळा तालुक्यातल्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या धावतात. मागचा दिवा नसलेली ट्रॉली जुन्या गाडीच्या मंद उजेडात फार उशिरा दिसते. म्हणून अनेक जण 100/90 वॅटचा बल्ब किंवा पांढराशुभ्र एलईडी बसवतात. दोन्हींत धोका आहे.

जुन्या गाड्यांत बहुधा 60/55 वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. जास्त वॅटच्या बल्बने वायर आणि होल्डर तापून वितळू शकतात. परावर्तक हॅलोजनच्या तारेची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. एलईडीचा प्रकाश त्याच जागेवरून निघाला नाही, तर तो विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो.

खरा दोष अनेकदा वायरिंगमध्ये असतो. गंजलेल्या जोडण्यांमुळे बल्बपर्यंत पोहोचणारा व्होल्टेज 10 टक्के घटला, तर प्रकाश सुमारे 30 टक्के कमी होतो. म्हणून आधी अर्थिंग साफ करा आणि फ्यूज व रिलेसह जाड वायर बसवून घ्या. काच प्लॅस्टिकची असेल, तर उन्हाने आलेला पिवळेपणा पॉलिश करून काढा. जुना बल्ब काळवंडला असेल, तर तेवढ्याच वॅटचा चांगला बल्ब लावा.

शेवटी दिव्याचा कोन तपासा. सपाट जागी, भिंतीपासून 10 मीटरवर, डिपरच्या प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटीमीटर खाली असावी. आणि समोरून वाहन येताच डिपर द्या. समोरच्यालाही रस्ता दिसायला हवा.