मदतीचा कॅमेरा आणि होडीचा कारागीर

बांगलादेशात ब्रह्मपुत्रेला पूर आला की मदतीच्या आवाहनासोबत येणारे छायाचित्र बहुतेक ठरलेले असते: कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली बाई, तिच्या कडेवर मूल, मागे बुडालेले छप्पर. त्याच छायाचित्राच्या कोपऱ्यात पुष्कळदा एक होडीही असते, पण खालच्या ओळीत तिचा उल्लेख नसतो. ती कोणी बांधली, ती नसती तर या बाईची सुटका कशी झाली असती, हे आवाहन करणारा सांगत नाही आणि पैसे देणारा विचारत नाही. नदीकाठच्या लोकांसाठी निधी उभारणाऱ्या छायाचित्रांची आणि माहितीपटांची खरी परीक्षा या कोपऱ्यातल्या होडीपाशी होते. ज्या चित्रात फक्त गरज दिसते ते अपुरे असते, आणि त्या अपुरेपणाची किंमत त्या लोकांनाच मोजावी लागते. कारण चित्रात जे दिसते त्यावरून मदत कोणत्या रूपात जाणार हे ठरत असते.

मुळात ही होडी म्हणजे काय, ते पाहायला हवे. ब्रह्मपुत्रा बांगलादेशात जमुना या नावाने वाहते. तिच्यावर १९९८ मध्ये सुरू झालेला पूल ४.८ किलोमीटर लांबीचा आहे, आणि तोसुद्धा बांध घालून पात्र अरुंद केलेल्या जागी उभा आहे. पात्रात गाळाची बेटे तयार होतात, त्यांवर वस्त्या वसतात, आणि काही वर्षांत नदीच ती बेटे कापून नेते. अशा ठिकाणी रस्ता, बाजार, शाळा, दवाखाना हे सगळे होडीवर अवलंबून असते. ही होडी बांधणारा मिस्त्री कागदावर आराखडा काढत नाही. युरोपात नंतरच्या काळात रूढ झालेल्या पद्धतीत आधी सांगाडा उभारतात आणि मग त्यावर फळ्या ठोकतात. बंगालमध्ये क्रम उलटा आहे. आधी फळीच्या कडेला फळी भिडवून ती लोखंडी कड्यांनी सांधायची, असे कवच पूर्ण करायचे आणि त्यानंतर आतून फासळ्या बसवायच्या. होडीची गोलाई आणि उथळ पाण्यात तरंगण्याची तिची ताकद मिस्त्रीच्या नजरेतून आणि हातातून येते. बेसिल ग्रीनहिल या ब्रिटिश अभ्यासकाने पूर्व बंगालच्या या नौकांची तपशीलवार नोंद करून १९७१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांना आवाहनांत केवळ ‘पूरग्रस्त’ म्हटले जाते, त्यांच्यातच या विद्येचे जाणकार असतात.

चित्राचा आणि मदतीचा संबंध किती थेट असतो, हे याच नदीवर दिसते. ईव्ह मार या फ्रेंच गृहस्थाने १९९४ मध्ये फ्रान्समधून एक नदीवरची मालवाहू बोट बांगलादेशात आणली. रूना खान यांनी २००२ मध्ये ‘फ्रेंडशिप’ ही संस्था सुरू केली आणि त्या बोटीचे तरंगते रुग्णालय झाले. पुढे २०११ मध्ये ‘ग्रीनपीस’चे जुने जहाज ‘रेनबो वॉरियर’ही याच कामासाठी मिळाले. ज्या बेटांवर डॉक्टर पोहोचत नव्हता तिथे त्यामुळे उपचार पोहोचले, हे काम मोठेच आहे. पण या लोकांनी तिथल्या पारंपरिक होड्यांकडेही तितक्याच आस्थेने पाहिले, हे मला अधिक मोलाचे वाटते. नाहीशा होत चाललेल्या नौकाप्रकारांच्या प्रतिकृती त्यांनी त्या बांधणाऱ्या सुतारांकडूनच करून घेतल्या. बाहेरून आणलेली बोट आणि इथली विद्या या दोन्ही गोष्टी एका कामात बसू शकल्या, कारण पाहणाऱ्याला दोन्ही दिसत होत्या. केवळ हतबल चेहरा दिसला तर दात्याच्या मनात ‘काय पाठवू?’ एवढाच प्रश्न येतो. काम करणारे हात दिसले तर ‘यांच्या कोणत्या कामाला बळ देऊ?’ असे विचारण्याची शक्यता निर्माण होते.

यावर निधी उभारणाऱ्यांचा पहिला आक्षेप असा असतो की दुःख दाखवल्याशिवाय पैसा येत नाही. इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. १९८४ मध्ये इथिओपियातल्या दुष्काळाची दृश्ये दूरचित्रवाणीवर आली, आणि पुढच्याच वर्षी ‘लाइव्ह एड’च्या मैफलींतून प्रचंड निधी जमला. पण त्या चित्रांनी एका अख्ख्या खंडाला हात पसरलेल्या माणसाचा चेहरा दिला, ही टीकाही तेव्हापासूनची आहे. १९८९ मध्ये युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांनी अशा प्रतिमांसाठी आचारसंहिता स्वीकारली, ती याच अस्वस्थतेतून. शिवाय दुःख आणि कौशल्य यांतले एकच काहीतरी निवडावे लागते, हे गृहीतकच चुकीचे आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळ पाण्याखाली गेला तेव्हा मच्छीमार आपल्या होड्या घेऊन बचावाला धावले. एका मच्छीमाराने पाण्यात ओणवे होऊन आपल्या पाठीची पायरी केली आणि बायका तिच्यावर पाय देऊन बोटीत चढल्या. ते दृश्य देशभर पाहिले गेले. त्यात आपत्ती पूर्ण दिसत होती, पण मदत करणारा माणूस त्याच पाण्यातला होता. त्या दृश्याने कोणाचा हात आखडला नाही. नदीकाठच्या कुटुंबाचे नुकसान नेमके सांगायचे असेल तर फुटलेली होडी हाच त्याचा सर्वांत खरा पुरावा असतो, कारण तिच्यासोबत मासेमारी, बाजार आणि दवाखान्याची वाट एकदमच बंद होते.

दुसरा आक्षेप याच्या नेमका विरुद्ध आणि अधिक गंभीर आहे. कारागिरी दाखवायला निघालेला कॅमेरा तिच्या मोहात पडतो. शिडावर मावळतीचे ऊन आले की चित्र सुंदर होते आणि गरिबी त्या सौंदर्याचा भाग होऊन बसते. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘मॅन ऑफ अरान’ हा १९३४ चा चित्रपट याचे ठळक उदाहरण आहे. आयर्लंडजवळच्या त्या बेटांवर शार्कची शिकार कित्येक दशकांपूर्वी बंद पडली होती. चित्रपटासाठी ती बेटवासीयांना नव्याने शिकवून त्यांच्याकडून करून घेतली. जमुनेवर आज शिडे शोधत फिरणारा छायाचित्रकारही हीच चूक करू शकतो. सिंचन पंपाची डिझेल इंजिने १९८० च्या दशकापासून होड्यांना बसू लागली आणि शिडे झपाट्याने उतरली. हा बदल होडीवाल्यांनीच केला, कारण त्यामुळे वेळ आणि श्रम वाचले. म्हणून इंजिनाचा धूर चौकटीबाहेर ठेवणे ही त्यांच्या निर्णयाचीच उपेक्षा ठरते. या आक्षेपावर उत्तर एकच आहे, ते म्हणजे अधिक दाखवणे. लाकडाचा भाव, मिस्त्रीची मजुरी, त्याच्यावरचे कर्ज, त्याचा मुलगा हे काम शिकतो की शहराची वाट धरतो, हे सगळे त्या चित्रात यायला हवे.

हे बारकावे कोणाला दिसतात, याला म्हणूनच महत्त्व आहे. बंगाली कादंबरीकार अद्वैत मल्लबर्मन तितास नदीकाठच्या मालो या मच्छीमार समाजातच जन्मले. त्यांची तितासवरची कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९७३ मध्ये ऋत्विक घटक यांनी तिच्यावर चित्रपट केला. त्या समाजाचे दैन्य त्यांत आहे, पण त्याचे सण, भांडणे, प्रेम आणि अभिमानही आहे. छायाचित्रणात हाच आग्रह शाहिदुल आलम यांनी धरला. १९८९ मध्ये ढाक्यात ‘दृक’ ही संस्था आणि पुढे ‘पाठशाला’ हे छायाचित्रणाचे विद्यालय उभारून बांगलादेशाचे चित्र बांगलादेशींनी काढावे अशी व्यवस्था त्यांनी निर्माण केली. बाहेरच्या माणसाने कॅमेरा उचलूच नये, असा याचा अर्थ नाही. ग्रीनहिल बाहेरचेच होते. पण त्यांनी होडीचा सांधा न् सांधा समजून घेतला. ज्याच्यापाशी इतका वेळ नाही, त्याने तिथल्या छायाचित्रकाराला काम द्यावे.

आता उरतो तो व्यवहारी प्रश्न: लाकडी होडीचा काळ संपत आला असेल तर औषधांचा पैसा कॅमेऱ्यावर का घालवायचा? औषध आधी, हे मान्यच आहे. पण छायाचित्रे आणि माहितीपट या संस्था तशाही काढतातच. त्यांत काय दिसावे एवढाच वाद आहे, आणि कारागिराचे नाव लिहायला जास्तीचा खर्च येत नाही. दोरीने फळ्या शिवून गोव्यात बांधलेली ‘कौंडिण्य’ ही नौका मे २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हा बाबू शंकरन या मुख्य कारागिराचे नाव सरकारी निवेदनात होते. नौदलाच्या नौकेच्या कारागिराला जो मान मिळतो, तो जमुनेकाठच्या मिस्त्रीलाही मिळायला हवा. शिवाय होडीच्या आकारात त्या विशिष्ट पाण्याची पारख साठलेली असते. पुढे होडी लाकडाऐवजी पत्र्याची किंवा फायबरची झाली तरी ती पारख लागणारच आहे. ज्याने ती जपली त्याचे हात आज टिपले नाहीत, तर उद्या नवी होडी बांधणाऱ्याला विचारायला कोणी उरणार नाही.

हे बदलण्याची ताकद देणगी देणाऱ्या सामान्य वाचकाकडेही आहे. आवाहनातल्या चित्राकडे पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात. या माणसाचे नाव, त्याची संमती असेल तर, का दिलेले नाही? त्याला काय येते हे चित्रात कुठे आहे? आणि हे चित्र छापण्यापूर्वी त्याला दाखवले होते का? देणारे हे विचारू लागले की संस्थांची चित्रे बदलतील, आणि चित्रांमागून मदतीच्या योजनाही बदलतील. पूर ओसरल्यावर त्या काठावर राहायचे असते ते तिथल्याच माणसांना. म्हणून त्यांच्या आयुष्याविषयी निर्णय घेण्याआधी ती माणसे आपल्याला पूर्ण दिसली पाहिजेत.