ठेंगू माडाचे गुपित

२०२० च्या जून महिन्यात ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि आजोबा-पणजोबांनी लावलेले कितीतरी माड काही तासांत आडवे झाले. अशी वाडी पुन्हा उभी करायची तर कोणता माड लावावा? कोकणातला नेहमीचा उंच ‘बाणवली’ लावला, तर पहिल्या फळासाठी सहा-सात वर्षे वाट पाहावी लागते. ठेंगू माड मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षीच फुलू लागतो. नारळ काढायला पाडेलीही शोधावा लागत नाही! मग सगळ्यांनी ठेंगू माडच का लावू नयेत? उत्तर देण्यापूर्वी या दोन भावंडांची नीट ओळख करून घेऊ या.

माड ही गवताप्रमाणेच एकदलिकित वनस्पती आहे. आंब्याचे खोड दरवर्षी जाड होत जाते, तसे माडाचे होत नाही. त्याच्या शेंड्याला वाढणारा कोंब एकच असतो. गेंड्या भुंग्याने तो पोखरून मारला, की माड मेलाच म्हणून समजा. गळलेल्या प्रत्येक झावळीची खूण खोडावर कड्यासारखी राहते. उंच माडाला वर्षाला साधारण बारा झावळ्या येतात. ठेंगू माडालाही झावळ्या कमी येत नाहीत. पण त्याच्या दोन कड्यांमधले अंतर फारच थोडे असते. त्याच्या बुटकेपणाचे गुपित हेच! टेप घेऊन दोन्ही जातींच्या खोडांवरील दहा-दहा कडी मोजून पाहा, म्हणजे फरक लगेच ध्यानात येईल.

आता फुलांकडे वळू. माडाची पोय उघडली, की तिच्या तुऱ्यांच्या बुडाशी थोडी गोल मादी फुले व वरच्या बाजूस असंख्य बारीक नर फुले दिसतात. उंच माडात मादी फुले तयार होण्याआधीच त्या पोयीतली नर फुले बहुधा गळून जातात. म्हणून वारा व कीटक यांनी दुसऱ्या माडावरून आणलेले पराग त्याला लागतात. ठेंगू माडात दोन्ही फुले एकाच सुमारास तयार होतात. त्यामुळे तेथे स्वपरागण होते आणि रोपे बहुतेक आईसारखीच निपजतात.

पण ठेंगू माडाचे काही दोषही आहेत. नारिंगी ठेंगू जातीच्या शहाळ्याचे पाणी गोड असते खरे. परंतु तिचे खोबरे मऊ व चिवट असते, तेलासाठी ते तितके चांगले नाही. पाण्याचा ताण या माडाला सोसत नाही आणि त्याचे आयुष्यही उंच माडापेक्षा कमी असते.

दोघांचे गुण एकत्र आणता येतील का? १९३२ साली केरळातील नीलेश्वर येथे उंच व ठेंगू माडांचा संकर करण्यात आला. त्याची रोपे लवकर फळाला आली आणि नारळही भरपूर लागले. पुढे ठेंगू माडाला आई करूनही संकर केले गेले. ‘चंद्रसंकर’ ही जात अशीच तयार झाली. यासाठी ठेंगू माडाच्या पोयीतील नर फुले उमलण्यापूर्वीच काढून टाकतात व मादी फुलांना उंच माडाचे पराग देतात.

एवढे करूनही एखाद्या नारळात स्वपरागण झालेले असू शकते. मग खरे संकरित रोप ओळखायचे कसे? आई नारिंगी ठेंगू असेल तर हे फार सोपे आहे. रोपाच्या पानाचा देठ पाहा. तो आईसारखाच नारिंगी असेल, तर ते संकरित नव्हे. हिरवट किंवा तपकिरी असेल, तर बापाचा गुण उतरला आहे. रोपवाटिकेत अशीच निवड करतात.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच देऊ शकाल. शहाळी विकायची आहेत आणि विहिरीला बारमाही पाणी आहे, तर ठेंगू माड लावावा. पाणी बेताचे असून खोबरे हवे असेल, तर बाणवली बरा. पाणी आणि खत दोन्ही वेळेवर देता येत असतील, तर संकरित माड लावावा. मात्र संकरित माडाचा नारळ रुजवून नवी रोपे करू नका. त्या रोपांत आई-बापाचे गुण वेगवेगळे विखुरतात आणि सारी रोपे एकसारखी निघत नाहीत. माड एकदा लावला की पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. तेव्हा रोप घेताना देठ नीट पारखायला विसरू नका!