रस्ता कुणी मोकळा केला?

युद्धाच्या कथा बंदुकीच्या असतात. कुदळ-फावड्याची कथा कोण लिहितो? एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर रणगाडे अडले होते. शत्रूने सुरुंग पेरले, झाडे आडवी पाडली. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे आणि त्यांची तुकडी गोळीबारातच सुरुंग काढत, अडथळे उडवत पुढे सरकली. ११ तारखेलाही हे काम चालले. दुसऱ्या दिवशी सैन्य राजौरीत पोहोचले. राणेंना परमवीरचक्र मिळाले, ते योग्यच. पण आम्ही वकील माणसे कागद बारकाईने वाचतो. ८ तारखेच्या मॉर्टरच्या माऱ्यात सुरुंग काढणारे दोघे ठार, पाच जखमी, असे सन्मानपत्र म्हणते. त्या दोघांची नावे त्यात नाहीत.